दर हंगामाला नवी जर्सी: क्लब बदलत खेळणाऱ्या फॉरवर्डसाठी

भारतात फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढच्या फळीत गोल करणारा म्हणून, पोट भरायचं ठरवलं असेल, तर कारकिर्दीत पाच-सहा क्लब होणार हे धरूनच चाला. त्यात कमीपणा काही नाही. परदेशी खेळाडूंवरचा पैसा क्लब आधी पुढच्या जागांवर लावतात. नऊ नंबर, म्हणजे गोलसमोरची मधली जागा, परदेशी खेळाडूकडे जातो आणि आपला स्ट्रायकर विंगवर (मैदानाच्या कडेला) किंवा बाकावर. खुद्द सुनील छेत्री 2002 मध्ये मोहन बागानकडून सुरू झाला आणि 2013 मध्ये बेंगळुरूला पोचेपर्यंत जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, पोर्तुगालातल्या स्पोर्टिंगचा ब संघ असा फिरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद.

म्हणून मधल्या जागेबरोबर एक विंग पक्की हवीच. विंगवर गोलपेक्षा आधी बघतात ते तुम्ही आपल्या फुलबॅकच्या (त्याच कडेच्या बचावपटूच्या) मदतीला मागे धावता का.

ट्रायलला पोरं तीन जणांना चकवायच्या नादात बॉल घालवतात. कोच वेगळंच बघत असतो. पास निघायच्या आधी खांद्यावरून मागे नजर टाकली का? सेंटरबॅक (समोरच्या संघाचा मधला बचावपटू) पाठीला चिकटलेला असताना बॉल त्याच्यापासून लांबच्या पायावर घेतला का? क्रॉस (कडेवरून गोलसमोर येणारा पास) यायच्या वेळी गोलच्या लांबच्या खांबाकडे दोन पावलं टाकून, बचावपटू हलला की झटकन जवळच्या खांबापुढे घुसलात का? बॉल गेल्यावर पहिले पाच सेकंद काय केलंत? व्हिडिओ पाठवताना चार मिनिटांच्या क्लिपबरोबर एखादी पूर्ण मॅचही द्या, कारण बॉल पायात नसतानाचा खेळ त्यातच दिसतो.

खरी फसगत होते ती करारात. फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) नियमांनुसार करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. 'मेडिकल पास झालात तरच करार लागू' अशी अट चालत नाही, मेडिकल सहीच्या आधी उरकायची. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी सही करता येते. दोन महिन्यांचा पगार विनाकारण थकला, तर लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्या. तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायला ते रास्त कारण ठरतं. फोनवरची विनवणी इथे कामाची नाही, ईमेल आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. एका हंगामात नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच. जानेवारीत घाईने क्लब बदलण्याआधी हा हिशोब करा.

दुखापतीचं कलम सर्वात आधी वाचा. गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध फाटला तर मैदानात परतायला साधारण नऊ महिने जातात. करार एकाच हंगामाचा असेल, तर बरं होण्याआधीच तो संपतो आणि फिजिओचा खर्च अंगावर पडतो. 'करारकाळात झालेल्या दुखापतीचा उपचार पूर्ण बरं होईपर्यंत क्लबकडे' हे वाक्य घालून घ्या. पगार थोडा कमी झाला तरी चालेल.

फिरत्या स्ट्रायकरचा दुसरा शत्रू हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत. विंडोच्या (क्लब बदलायच्या ठरलेल्या मुदतीच्या) शेवटच्या दिवशी सही होते, प्री-सीझन (हंगामाआधीचा सराव) हुकलेला असतो, क्लबला गोल हवे असतात म्हणून लगेच उतरवतात आणि मांडी ओढली जाते. नुसत्या जॉगिंगने मांडी तयार होत नाही. क्लब नसतानाही आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाच्या 30-40 मीटर धावा आणि नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणं) चालू ठेवा.

क्लब निवडताना मोठ्या नावाच्या बाकापेक्षा खालच्या लीगमधली 90 मिनिटं घ्या. पुढचा क्लब आधी तुमची मिनिटं आणि गोल बघतो. पदवी मात्र सोडू नका. रेल्वेसारख्या खात्यांत क्रीडा कोट्याला शिक्षण आणि वय दोन्हीची अट असते, आणि तिशीत अर्ज करायला गेलेल्यांची वयाची मर्यादा बहुधा उलटून गेलेली असते.