सोयाबीनची उगवण मळणीतच बिघडते : यंत्र वापरताना या चुका टाळा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात जूनमध्ये सोयाबीन विरळ उगवले की दोष पावसाला दिला जातो. परंतु घरचे बी पेरले असेल, तर कारण अनेकदा मागच्या दसऱ्याच्या सुमारास झालेल्या मळणीत सापडते. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि कोंब त्याच्या अगदी लगत असतो, त्यामुळे मळणी यंत्राच्या फिरत्या ड्रमचा मार बसलेला दाणा वरून धड दिसला तरी उगवत नाही.

बियाण्यासाठी राखायच्या मालाची मळणी दाण्यात 13 ते 14 टक्के ओल असताना आणि ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवून करावी. फार वाळलेला दाणा फुटतो, ओला चेंगरतो. मळणीवाला गती कमी करायला नाखूश असतो, कारण त्याला अंधार पडण्याआधी आणखी दोन खळी गाठायची असतात. म्हणून बियाण्यापुरता माल वेगळा मळायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवावे. मात्र नुसता ट्रॅक्टरचा वेग उतरवला, तर त्यावरच फिरणारा पंखाही मंदावतो आणि भूस दाण्यात राहते. त्यापेक्षा ड्रमची पुली मोठी बसवून घेणे बरे.

मार कितपत बसला हे पाहण्यासाठी 100 दाणे पाच-दहा मिनिटे पाण्यात टाकावेत. त्यात लगेच फुगून सुरकुतणारे दाणे टरफल तडकलेले असतात. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात 100 दाण्यांची उगवण तपासावी आणि 70 पेक्षा कमी उगवल्यास त्या प्रमाणात बी वाढवावे.

दुसरी मोठी चूक म्हणजे शेजाऱ्याने लावलेल्या बियाच्या मापावरच ट्रॅक्टरची कुरी, म्हणजे पेरणी यंत्र, आपल्या शेतात घालणे. समजा, कुरीला 45 सेंटिमीटर अंतरावर चार दाती आहेत, चाकाचा घेर 2 मीटर आहे आणि एकरी 30 किलो बी टाकायचे आहे. एका गुंठ्याला 750 ग्रॅम बी लागते आणि तेवढे क्षेत्र चाकाच्या 28 फेऱ्यांत पेरून होते. कुरी जॅकवर उचलून चाक 28 वेळा फिरवावे, नळ्यांखाली पिशव्या बांधून पडलेले बी तोलावे. चारही पिशव्यांत वजन सारखे आहे का, हेही पाहावे. हे अर्ध्या तासाचे काम आहे, तरी बांधावर फारसे कोणी करताना दिसत नाही.

खोली 3 ते 5 सेंटिमीटरच असावी. रोटाव्हेटर दोनदा फिरवून माती पिठासारखी केली, तर दाती खोल बुडतात आणि जोराच्या सरीनंतर काळ्या रानात पापडी धरते. कुरी उभ्या ट्रॅक्टरला खाली टेकवू नये. तसे केल्यास नळीच्या तोंडात चिखल बसतो आणि एक ओळ शेवटपर्यंत कोरी जाते. ट्रॅक्टर पुढे सरकत असतानाच कुरी सोडावी आणि मागे चालणाऱ्या माणसाने चारही नळ्यांवर नजर ठेवावी.