डेटा सेंटरचं ऑप्टिकल नेटवर्क: वीज खाणाऱ्या या चुका टाळा

नेटवर्कची वीज म्हटलं की सगळे स्विचकडे (सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या पेटीकडे) बघतात, पण बरीचशी गळती त्याच्या पोर्टात खोचलेल्या, केबलवरून सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या बोटाएवढ्या मॉड्यूलमध्ये असते, आणि तिथला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो म्हणजे कूलिंगचंही बिल वाढतं.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे एकाच रॅकच्या आत आरजे-45 वाले (साध्या लॅन केबलच्या खाचेचे) 10जी, म्हणजे सेकंदाला 10 गिगाबिटचे, मॉड्यूल टाकणं, का तर लॅनची केबल पडून आहे. असं एक मॉड्यूल साधारण अडीच वॅट खातं, तेच काम दोन मीटरची पॅसिव्ह डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडूनच येणारी तांब्याची केबल) 0.1 वॅटच्या आसपास करते. 48 पोर्ट भरले तर 120 वॅट की 5 वॅट? वर्षाला जवळपास 1000 युनिटचा फरक, तोही एका स्विचमागे.

अंतर न मोजता ऑर्डर देऊ नका. 400जी मॉड्यूलच्या प्रकारांमध्ये डीआर4 500 मीटर जातं, एफआर4 2 किमी, एलआर4 10 किमी. हॉल 80 मीटरचा आणि 'पुढे लागेल' म्हणून लांब पल्ल्याचं, जास्त वीज खाणारं एलआर4 मागवतात! टेप घ्या, केबल ट्रेमधले वळसे धरून मोजा.

आता समजा लिंक सारखी पडतेय, एरर वाढतायत. नवी मुंबईत महापेला एका साइटवर आम्ही रात्री दोन वाजता तीन मॉड्यूल बदलले तरी आरएक्स पॉवर (मॉड्यूलपर्यंत पोचणारा उजेड) कमीच, कोणीतरी म्हणालं 10 किमीचं एलआर काढून 40 किमीचं ईआर लावू. मग स्कोप (फायबरचं टोक मोठं करून दाखवणारी दुर्बीण) लावला तर पॅच पॅनलच्या (केबली जिथे जोडतात त्या पट्टीच्या) कनेक्टरवर बोटाचा तेलकट डाग, क्लीनरची एक क्लिक आणि लिंक ठणठणीत. ईआर लावलं असतं तर पुढे जवळच्या लिंकसाठी अटेन्युएटर (उजेड कमी करणारा तुकडा) लागला असता, म्हणजे आधी जास्त उजेड पाडायचा आणि मग तोच अडवायचा. त्यामुळे आधी साफ करा, मग बदला.

ट्रॅफिक नाही म्हणजे वीज नाही असंही समजू नका, लिंक अप असेल तर लेसर चालूच असतो. न लागणारा पोर्ट शटडाऊन करा आणि मॉड्यूल काढूनच ठेवा, डस्ट कॅप लावून.

डिझाइन नव्याने करताय तर मधला एखादा थरच वाचतो का बघा. गुगलने आपल्या डेटा सेंटरच्या ज्युपिटर नेटवर्कमधले स्पाइन (बाकीच्या स्विचना जोडणारा वरचा थर) काढून आरशांनी उजेड थेट वळवणारे ऑप्टिकल सर्किट स्विच बसवले आणि 2022 मध्ये 41 टक्के वीज वाचल्याचं सांगितलं.

आणि स्विचच्या फॅनची हवा हॉट आइलकडे (रॅकमागच्या गरम हवेच्या गल्लीकडे) जाते ना, हे रॅकला बसवतानाच तपासा. दिशा उलटी असली तर गरम हवा आत येऊन फॅन जोरात पळतात, वेग 20 टक्के वाढला की फॅनची वीज जवळपास पावणेदोन पट होते.