मोठ्या संख्येचे अवयव पाडताना शेवटी उरलेल्या तुकड्याचं काय करायचं?

विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे सुटंसुटं शोधत बसू नका. आधी मूळ अवयव पाडा, बाकीचं त्यातूनच निघतं. उदाहरणाला ६,२१,५७६ घेऊ.

२ ने तीनदा भाग जातो, उरतात ७७,६९७. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भागा. राहिले ८,६३३.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे. ३ आणि ५ ने भाग जात नाही हे दिसतंच. ७, ११, १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करायला सांगतात, त्या नादी लागू नका. तिघांचा गुणाकार १,००१ येतो, म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पुढचा आकडा वजा करायचा: ६३३ − ८ = ६२५. हा तर ५ चा चौथा घात, त्यामुळे तिघेही एका फटक्यात बाद.

मग १७, १९, २३ करत चाळिशीपर्यंत काही मिळालं नाही की ‘मूळ संख्याच असणार’ म्हणून लोक हात झटकतात. ‘असणार’ चालत नाही! ८,६३३ चं वर्गमूळ ९२ आणि ९३ च्या मध्ये येतं, म्हणजे ८९ पर्यंतची एकही मूळ संख्या सोडायची नाही. त्यापुढे जायची मात्र गरज नाही, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असूच शकत नाहीत.

पण ही भागाकारांची रांग लावण्याआधी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत करून पाहाच. वर्गमूळाच्या वरची पहिली पूर्ण संख्या ९३, तिचा वर्ग ८,६४९. त्यातून ८,६३३ गेले, उरले १६, म्हणजे ४ चा वर्ग. म्हणून अवयव ९३ − ४ आणि ९३ + ४, अर्थात ८९ आणि ९७. भागाकाराने गेलं असतं तर ८९ ची पाळी सगळ्यात शेवटी आली असती.

उरलेली संख्या पूर्ण वर्ग निघाली नाही तर ९४, ९५ असं पुढे सरकायचं. फर्माने १६४३ मध्ये २,०२,७६,५१,२८१ चे अवयव याच रीतीने पाडून दाखवले. त्यात ४५,०३० पासून निघालं की बाराव्या पायरीला, ४५,०४१ वर, उत्तर मिळतं. रीत विषम संख्येसाठी आहे, म्हणून २ आधी काढून टाकायचे. आणि अवयव एकमेकांपासून फार लांब असले तर ती रखडते. दहाएक पायऱ्यांत काही हाती लागलं नाही तर मुकाट्याने भागाकाराकडे वळा.

६,२१,५७६ = २³ × ३² × ८९ × ९७. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. त्यांची बेरीज १५ × १३ × ९० × ९८ = १७,१९,९०० (१५ म्हणजे १ + २ + ४ + ८, पुढचेही तसेच). २ चा घातांक विषम, तेव्हा पूर्ण वर्गाचा प्रश्नच मिटला. बेरजेत ती संख्या स्वतःही धरलेली असते. परिपूर्ण संख्या (जिच्या स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते) तपासायची असेल तर ती आधी वजा करा.