भिरंडीचा (कोकमाचा) अर्क विषाणूची वाढ खरंच रोखतो का? पेशींवर तपासायची रीत

अर्क घातला आणि प्लाक (विषाणूने पेशी मारल्यावर थरात पडणारी भोकं) कमी झाले, एवढ्यावरून पेशीतली विषाणूची वाढ थांबली असं म्हणता येत नाही. आम्लामुळे विषाणू बाहेरच निकामी झाला असेल, पॉलिफिनॉल (वनस्पतीतले तुरट घटक) त्याच्या आवरणाला चिकटले असतील, नाहीतर पेशीच अर्धमेल्या झाल्या असतील. या तिन्ही शक्यता बाद करणं हेच खरं काम. इथे व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या) आणि हर्पिस सिम्प्लेक्स-1 हा विषाणू धरला आहे. काम बीएसएल-2 (जैवसुरक्षा पातळी 2) प्रयोगशाळेतच, जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन.

बाजारातली सोलां (वाळवलेली कोकमाची सालं) घेऊ नका, त्यांना रसाची पुटं आणि बऱ्याचदा मीठही असतं. एप्रिल-मेमध्ये ताजी भिरंडं आणून साल 40 अंशांवर वाळवा. 10 ग्रॅम पूड 100 मिली 70 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास शेकरवर ठेवा, गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवा. गोव्यात जून उजाडला की असा अर्क कुपी उघडताच ओल धरतो आणि वजन चुकतं. म्हणून डेसिकेटरमध्ये पूर्ण सुकवून एकदाच वजन करा आणि लहान वाटे उणे 20 अंशांवर ठेवा. डीएमएसओ या द्रावकात 100 मिलिग्रॅम प्रति मिली साठा केला, की मिलीमागे 100 मायक्रोग्रॅम अर्काच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) डीएमएसओ 0.1 टक्का राहतो. कंट्रोलमध्येही (तुलनेच्या, अर्क नसलेल्या वेलमध्ये) तेवढाच घाला.

आता पीएच. मीडियमचा (पेशी वाढवायच्या द्रवाचा) गुलाबी रंग पिवळा झाला की आम्ल वाढलं, हे सगळ्यांना ठाऊक. पण भिरंडीचं अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य स्वतःच पीएचप्रमाणे रंग बदलतं, त्यामुळे इथे डोळ्यांवर विसंबू नका. मीटर लावा आणि 7.4 वर आणा. हे राहिलं, तर पुढचे सगळे आकडे आम्लाचे, अर्काचे नव्हेत.

96 वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे 10,000 पेशी लावा. दुसऱ्या दिवशी मिलीमागे 200 मायक्रोग्रॅमपासून निम्मे-निम्मे करत अर्क द्या आणि 72 तासांनी एमटीटी (जिवंत पेशी जांभळ्या करणारी रंगचाचणी) करा. पॉलिफिनॉल पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पेशी नसलेल्या, फक्त अर्काच्या वेल ठेवा. तिथे रंग आला तर एमटीटी घालण्याआधी पेशी धुवा किंवा न्यूट्रल रेड हा दुसरा रंग वापरा. यातून सीसी50, म्हणजे निम्म्या पेशी मारणारी मात्रा, मिळेल.

प्लाकसाठी 6 वेलच्या प्लेटमध्ये, वेलमागे 50 ते 100 प्लाक येतील एवढा विषाणू एक तास चिकटू द्या. धुवा, मग अर्क मिसळलेलं 1 टक्का मिथाइलसेल्युलोज ओता. प्लेट हलवू नका, नाहीतर प्लाकना शेपट्या फुटतात. तीन दिवसांनी फॉर्मॅलिन, मग क्रिस्टल व्हायोलेट. ॲसायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाचा कंट्रोल हवाच. सीसी50 भागिले ईसी50 (प्लाक निम्मे करणारी मात्रा) दहाच्या वर असेल तरच पुढे जा. नरक्या या झाडातलं कॅम्प्टोथेसिन इथे चांगला धडा देतं: ते पेशीच्याच टोपोआयसोमरेजला (डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला) अडवतं, तेव्हा विषाणूबरोबर पेशीलाही मार बसतो.

निर्णायक प्रयोग वेळेचा. एका गटात विषाणू आणि अर्क पेशींशिवाय एक तास एकत्र ठेवा, मग 100 पट पातळ करून पेशींवर घाला. इथेच प्लाक घटले तर परिणाम पेशीबाहेरचा. दुसऱ्या गटात अर्क फक्त चिकटण्याच्या तासाला. तिसऱ्यात सगळ्या पेशी एकदम बाधित होतील एवढा, म्हणजे पेशीमागे 3 ते 5 कण, विषाणू देऊन 0, 2, 4, 6 आणि 8 तासांनी अर्क घाला. 24 तासांनी तयार झालेला विषाणू मोजा. मोजतानाही नमुना भरपूर पातळ करा, उरलेला अर्क आकडा बिघडवतो. हर्पिसचं डीएनए साधारण तिसऱ्या-चौथ्या तासापासून बनू लागतं. दोन तासांनी घातलेला अर्कही उत्पादन पाडत असेल, तरच वाढ रोखण्याची भाषा करा, आणि क्यूपीसीआरने (डीएनए मोजायच्या चाचणीने) डीएनए घटलं का ते पाहा. पहिल्याच गटात परिणाम दिसला तर पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणाऱ्या पुडीने) टॅनिन, म्हणजे चिकटणारे पॉलिफिनॉल, काढून प्रयोग पुन्हा लावा.

काहीच दिसलं नाही, तरी वनस्पती लगेच बाद करू नका. व्हेरो पेशी इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणारं प्रथिन) बनवत नाहीत, त्यामुळे त्या वाटेने काम करणारा घटक इथे निष्क्रियच वाटेल. तोच अर्क ए549 या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर एकदा लावून बघा, सीसी50 मात्र तिथे नव्याने काढा.