साठीनंतर वावराचा कारभार सोडताना

कारभार पोराच्या हाती द्यायचं ठरलं की गावात पहिला सल्ला मिळतो, "सातबारा त्याच्या नावे करून मोकळे व्हा." घाई करू नका. कसणं सोडणं वेगळं, मालकी सोडणं वेगळं.

आधी एक वही घ्या. मृगाच्या, म्हणजे 7 जूनच्या, आधी आठ दिवस रोज रात्री लिहा: आज कोणतं काम मनापासून केलं, कोणतं नुसतं सवयीनं? फवारणी मात्र न लिहिताच सोडा. 16 लिटरचा पंप भरला की पाठीवर वीसेक किलो बसतात, वर विषारी औषध. बियाणं राखणं, धुऱ्यावरची झाडं, बैलाची पारख, जे आवडतं ते आपल्याकडे ठेवा आणि घरात तसं सांगून टाका. सोडलेल्या कामात सकाळ-संध्याकाळ चुका काढत बसलात, तर ते सोडलंच नाही. भांडणं इथूनच लागतात.

विहिरीजवळचे 10 गुंठे स्वतःसाठी ठेवा. भेंडी, वांगी, कडेनं तुरीची एक ओळ. एका माणसाला एवढं झेपतं. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत घरी.

पैशाचं: औषधपाणी, येणंजाणं, नातवांचा खाऊ यांचा महिन्याचा खर्च मांडा, 12 नं गुणा. कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, तेवढे पैसे आपल्या खात्यात जमा होतील, हे पेरणीआधीच ठरवा. चुकारा आल्यावर मागायला गेलं की भीक मागितल्यासारखं वाटतं.

आता कागद. बक्षीसपत्र नोंदवलं की वावर गेलं, ते सहजासहजी परत येत नाही. द्यायचंच असेल तर "देणाऱ्याचा सांभाळ करावा" ही अट त्यातच लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. अट नसली तर बाजू लंगडी पडते. मृत्युपत्र कधीही बदलता येतं. साधा कागद चालतो, नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. ज्याला वाटा मिळणार, त्याला साक्षीदार करू नका. वडिलोपार्जित वावरात फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही पोरांना आताच सांगा.

मृत्युपत्रात पोरं आठवतात, बायको राहून जाते. मागं राहणारी बहुधा तीच. तिची खोली, तिचा हिस्सा, विहिरीच्या पाण्याचा हक्क स्पष्ट लिहा. कागद कोणत्या पेटीत आहे आणि किल्ली कुठं, तेही तिला दाखवून ठेवा.