अवतरणातला मजकूर आणि सुटे शब्द एकाच रेगेक्सने वेचताना

सर्च बॉक्समध्ये कोणी असं टाइप केलं असं धरू:

पुणे "सातारा रोड" नाशिक "जुना बाजार"

यातून चार तुकडे हवेत, तेही एकाच रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र). बहुतेकांचा हात आधी ".*" कडे जातो (दोन चिन्हांच्या मध्ये कोणतीही, कितीही अक्षरं). तो अधाशी असतो: पहिल्या अवतरणचिन्हापासून शेवटच्या चिन्हापर्यंत सगळं गिळतो, मधल्या नाशिकसकट. कमीत कमी गिळणाऱ्या ".*?" ने इथे भागतं, पण पुढे पॅटर्न वाढला की तोही चिन्ह ओलांडू शकतो. त्यापेक्षा ‘चिन्ह सोडून काहीही’ असंच लिहावं:

"([^"]*)"|([^ "]+)

| म्हणजे ‘किंवा’, गोल कंस म्हणजे गट. पहिल्या गटात अवतरणातला मजकूर येतो, दुसऱ्यात सुटा शब्द. दुसऱ्या पर्यायात नुसतं [^ ]+ लिहून तो आधी ठेवलात, तर ‘"सातारा’ आणि ‘रोड"’ असे दोन तुकडे पडतील. सुट्या शब्दासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w, म्हणजे ‘अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर’) मराठीत वापरूच नका. पायथनच्या मूळ रेगेक्स मॉड्यूलला काना-वेलांट्या अक्षरं वाटत नाहीत. नाशिकचे न, श, क असे तीन तुकडे होतात. जावास्क्रिप्टला तर त्यात एकही देवनागरी अक्षर सापडत नाही.

रिकामं अवतरण "" आलं की पहिला गट जुळतो, पण रिकामा. पायथनच्या फाइंडऑलमध्ये (सगळ्या जुळण्यांची यादी देणारं फंक्शन) न जुळलेला गटही रिकामाच दिसतो, म्हणून फाइंडइटर (एकेक जुळणी देणारं) घ्या आणि गट ‘नन’ (None, म्हणजे काहीच नाही) आहे का ते तपासा.

शेवटचं चिन्ह टाइप करायचं राहिलं तर? वरचा पॅटर्न तक्रार न करता एकटं चिन्ह वगळून पुढे जातो. तिसरा पर्याय जोडा:

"([^"]*)"|([^ "]+)|(")

तिसरा गट जुळला की चूक दाखवा. वर्डमधून चिकटवलेली “ ” ही गोल चिन्हं मात्र वेगळी अक्षरं आहेत. ती आधी साध्या चिन्हांत बदलून घ्या.

अवतरणाच्या आतच चिन्ह असेल तर ते कसं लिहिलंय ते पाहा. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाइल; वर्णन आरएफसी ४१८० या दस्तऐवजात, २००५) ते दोनदा लिहितात:

"((?:[^"]|"")*)"

मग "" च्या जागी " करायचं. बॅकस्लॅशची पद्धत (आतलं चिन्ह \" असं) असेल तर:

"([^"\\]*(?:\\.[^"\\]*)*)"

हेच "(?:[^"\\]+|\\.)*" असं आटोपशीर लिहायचा मोह होतो. आत अधिक (+), बाहेर तारा (*). बंद करणारं चिन्ह नसलेली लांब ओळ आली की पायथन, जावास्क्रिप्टसारखी मागे फिरून पाहणारी इंजिनं तोच मजकूर हर तऱ्हेने तोडून बघतात आणि प्रोग्राम अडकतो.