बांधावर फुलं आहेत, तरी भातावर तुडतुडे? या चुका टाळा

बांधावर फुलं लावायची ती तुडतुड्यांचा नाश करणारे मित्रकीटक टिकावेत म्हणून. बहुतेक खाचरांत चूक असते ती या फुलांच्या पेरणीच्या वेळेची. कोकणात भाताचा रस शोषणारे तपकिरी तुडतुडे जोर धरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि बांधावरचा झेंडू फुलतो दसऱ्याला. तुडतुड्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती संपवणारे बारीक परोपजीवी कीटक स्वतः मकरंदावर जगतात. तो त्यांना ऑगस्टअखेरीपासून मिळायला हवा. तीळ पेरल्यापासून साधारण 35 ते 45 दिवसांत फुलतो, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडीप बघून निम्मा तीळ बांधावर टाका, उरलेला पंधरा दिवसांनी. एकदम पेरलात तर तुडतुडे वाढायच्या ऐन वेळी फुलं सरतात.

झेंडूची दुसरी अडचण म्हणजे बाजारातल्या भरगच्च फुलांत पाकळ्याच एवढ्या, की इवल्या कीटकाला मकरंदापर्यंत पोचता येत नाही. तीळ आणि चवळी केव्हाही सरस. चवळीला तर फुलांबाहेरही गोड रस सुटतो.

तीळ उगवून माना टाकत असेल तर मुळाशी पाणी साचतंय. बांधाच्या माथ्यावर वीतभर उंच वरंबा ओढा. एक वाटी तीळ दहा वाट्या बारीक वाळूत मिसळून पेरा, वर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर माती. दाट उगवला तर 15 सेंटिमीटरवर विरळणी करा. तरीही बी वाहून जात असेल, तर तिथे चवळी टोकणंच बरं.

सगळ्यात महाग पडते ती घाईची फवारणी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या रासायनिक कीटकनाशकाने तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण आधी मरतात, मग तुडतुडे दुपटीने उसळतात. आधी भाताचे वीस चूड (ठोंब) बुंध्याशी वाकवून तुडतुडे मोजा. चुडामागे पाचपेक्षा कमी तुडतुडे आणि सोबत कोळी दिसत असतील, तर पंप घरीच राहू द्या. युरिया जास्त पडला असेल तर मात्र कोणतंही फूल कामाला येणार नाही.

गुरांसाठी अख्खा बांध एकाच दिवशी कापू नका, कोळ्यांचा आसरा जातो. एक बाजू आज, दुसरी पंधरवड्याने.

खोडकिड्यासाठी फुलांवर विसंबू नका. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले की पानांवरचे अंडीपुंज निघून जातात.



भातानंतरच्या वालावर मावा येतो. त्याला खाणारे मित्रकीटक यावेत म्हणून ऑक्टोबरअखेर कडेला धणे पेरा, पण काट्यांची वई (कुंपण) आधी घाला. कापणीनंतर गुरं मोकाट सुटतात आणि कोथिंबीर एका रात्रीत संपते.